गेममध्ये देव चालत नाही, मग रमी कशी चालली?

कट्ट्यावरचा_बंड्या (धागालेखक)

आमच्या घरात धर्म आणि राजकारण यावरून भांडणं होत नाहीत. कोण कुणाला मत देतो, कोण चतुर्थी धरतो आणि कोण चतुर्थीला ऑम्लेट खातो, हे सगळ्यांना पाठ आहे. २०२५ च्या गणपतीत भांडण पेटलं ते व्हिडिओ गेमवरून.

भाचा लॅपटॉपवर 'राजी' खेळत होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला गेम. राजी नावाची कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, तिच्या हातात त्रिशूळ, आणि वरून तिच्याकडे बघत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू. काका सोवळ्यात, हातात नैवेद्याचं ताट. लॅपटॉपमधून देवीचा आवाज आला तसे जागेवर थांबले. "देवीला बटणावर नाचवताय होय रे?" भाचा मान वर न करता म्हणाला, "देवी बटणावर नाही आजोबा, राजी बटणावर आहे. देवी नुसती बघतीये." नैवेद्य गार झाला तरी वाद संपेना.

आता गंमत बघा. हेच काका आयपीएलच्या मोसमात रोज संध्याकाळी चष्मा कपाळावर चढवून मोबाइलवर 'टीम लावायचे'. पैसे लावून. षटकागणिक रमीची नाहीतर टीम लावायची जाहिरात, आणि शेवटी ते भरभर वाचलेलं 'सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा'. घरात कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला (२० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही) आणि पैशाचे गेम बंद झाले, तेव्हा काकांना पहिल्यांदा सरकारचा राग आला. आजवर कुठल्याही सरकारचा आला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच की गेमवर आक्षेप घेणारे बहुतेक लोक गेम खेळत नाहीत. त्यांना पडदा दिसतो. पडद्यावर देव दिसला की दुखतं. खात्यातून पैसे जाताना दिसत नाहीत, म्हणून तिथं दुखत नाही. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? खेळणाऱ्यांनी तर लिहाच, न खेळणाऱ्यांनीही लिहा. कोणत्या पक्षाचा आहे म्हणून कुणी कुणाला हाणू नये ही विनंती.

अर्धा_कप_कडक

पहिला मी. चहा टाकलाय, येऊ द्या.

निवृत्त_खातेदार

बंड्या, तुझ्या काकांची बाजू मी घेतो, कारण तू घेणार नाहीस.

देव खेळण्यातला करू नये असं वाटणं हा काही मागासपणा नाही. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' आला होता, हैदराबादच्या कंपनीनं बनवलेला. तेव्हा अमेरिकेत नेवाडाला राहणारे हिंदू नेते राजन झेड यांनी आक्षेप घेतला होता की मारुतीराया जॉयस्टिकनं हलवायची वस्तू नाही. तेव्हा लोक हसले. पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे. चित्रात, मूर्तीत, नाटकात देव स्वतःच्या मर्जीनं वागतो. गेममध्ये तो तुझ्या अंगठ्याच्या मर्जीनं वागतो. चुकून खड्ड्यात पडला तर तू 'पुन्हा सुरू करा' दाबतोस. माझ्या पिढीला हे रुचत नाही.

आणि रमीचं म्हणशील तर तो कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानंच १९६७ मध्ये सांगितलंय. मी बँकेत तीस वर्षं पत्ते खेळलो, जेवणाच्या सुट्टीत. पैसे माझे, अक्कल माझी.

कट्ट्यावरचा_बंड्या

"पैसे माझे, अक्कल माझी" हे वाक्य काकांना वाचून दाखवलं. त्यांनी तुमचा नंबर मागितलाय.

वालावलचा_खवळे

निवृत्तकाका, नाटकात देव स्वतःच्या मर्जीनं वागतो? कोकणात या एकदा.

आमच्याकडे दशावतारात रात्री बारा वाजता काळ्या कपड्यातला संकासुर येतो. वेद पळवून नेणारा राक्षस, पण बोलतो मालवणीत आणि टिंगल करतो समोर बसलेल्या सरपंचाची, सोसायटीच्या चेअरमनची, झालंच तर भटजींची. नंतर विष्णू येऊन त्याला मारतो. तोच विष्णू थोड्या वेळापूर्वी देवळामागे मुकुट काखेत धरून विडी ओढत उभा असतो आणि पोरंटोरं त्याला बघतात. कुणाची भावना दुखावलेली मी पाहिली नाही. त्याच माणसाच्या पाया पडणाऱ्या म्हाताऱ्या मात्र पाहिल्यात, तो रंग लावून उभा राहिला की.

आपला देव जनाबाईसोबत दळण दळतो. त्याला एका पोरीच्या त्रिशुळाकडे वरून बघायला लावलं तर तो रागावेल असं मला वाटत नाही.

अवांतर: सापशिडी म्हणजे मूळचा मोक्षपट. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. घराघरात पाप आणि पुण्य लिहिलेलं, शिडीनं वर आणि सापानं खाली. धर्म शिकवायचा गेमच होता की तो! पुढे घरांतली नावं पुसली गेली आणि नुसते आकडे राहिले.

निवृत्त_खातेदार

दशावतारातल्या नटाला स्वतःला भक्ती असते. कोड लिहिणाऱ्याला असते का?

लेव्हल_अप

कोड लिहिणारा हजर आहे. असते, काहींना. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा डेस्कवर गणपती ठेवतो आणि बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) जाण्याआधी हात जोडतो. बिल्ड तरी पडतं.

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत काम करतो (राजीवाला नाही). देवाचं पात्र घ्यायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न असतो, याला मार लागू शकतो का? म्हणजे हिटबॉक्स ठेवायचा की नाही. देवाला मार लागतोय असं दाखवलं तर कुणी तरी त्या दोन सेकंदांची क्लिप काढून फिरवणार. दुसरा प्रश्न पायाचा. खेळाडू मूर्तीवर उडी मारून उभा राहू शकतो का? मग त्या मूर्तीभोवती अदृश्य भिंत घालायची. खेळाडूला वाटतं गेममध्ये बग आहे. बग नाही हो, ती आमच्या पोटातली भीती आहे.

राजी बनवणाऱ्यांनी देवांना भिंतीवरच्या चित्रांत आणि आवाजात ठेवलं, लढायला मुलगी पुढे केली. हे डोकं मला आवडलं. २०१७ मध्ये त्यांचं किकस्टार्टर (ऑनलाइन लोकवर्गणी) फसलं होतं, तरी गेम पूर्ण केला आणि २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवलं. भाच्याला सांगा, खेळत राहा.

आणि दुखणं फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. २००७ मध्ये 'रेझिस्टन्स' नावाच्या गेममध्ये मँचेस्टर कॅथेड्रलच्या आत गोळीबार दाखवला म्हणून चर्च ऑफ इंग्लंड चिडलं, सोनीला माफी मागावी लागली. २००८ मध्ये 'लिटलबिगप्लॅनेट'चं वितरण जगभर थांबवलं, कारण मालीच्या एका कलाकाराच्या गाण्यात कुराणातले शब्द होते. २०२० मध्ये पब्जी मोबाइलमध्ये मूर्तीपुढे वाकण्याची एक हालचाल आली, मुस्लिम खेळाडूंनी तक्रार केली, काढली. आणि २००८ मध्येच 'फॉलआउट ३' भारतात आलाच नाही. मायक्रोसॉफ्टनं कारण दिलं 'सांस्कृतिक संवेदनशीलता', पुढे एक अक्षर नाही. पण त्या गेममध्ये दोन तोंडाच्या गायी आहेत आणि त्या गायींना म्हणतात ब्राह्मण. आता काढा अर्थ.

अर्धा_कप_कडक

दोन तोंडाची ब्राह्मण गाय!!! इथं एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मोर्चा निघाला असता.

संत्रा_बर्फी

राजेहो, राजकारण कुठं गेलं? धागा नुसता देवळात बसलाय.

२०२५ च्या जुलैमध्ये आपल्या विधान परिषदेत काय झालं ते विसरले काय सारे? तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळताना दिसतात म्हणून व्हिडिओ फिरला. ते म्हणाले मी खेळत नव्हतो, जाहिरात आली होती, ती घालवत होतो. खरं काय ते त्यांना माहीत. पण महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं? क्रीडा! माह्या गावात पारावर बसलेले लोक दोन दिवस हसत होते. तिकडं पाऊस नाही, पिकाचं काही खरं नाही, आणि हसू आवरत नाही.

बंड्याभाऊचा मुद्दा इथंच सिद्ध होतो. कृषिमंत्र्याच्या फोनवर रमीची जाहिरात येते हे साऱ्यांना एकदम पटलं. काहून? कारण ती साऱ्यांच्याच फोनवर येत होती.

खरं_बोलणारा_७७

एकाच पक्षाचे मंत्री दिसतात का तुम्हाला? बाकीच्यांनी काय दिवे लावले? जाहिराती करणारे सगळे नट आणि क्रिकेटपटू कुणाच्या मांडीला मांडी लावून बसतात ते लिहा. नाहीतर धागा एकतर्फी आहे असं समजेन.

संत्रा_बर्फी

समजा.

संपादक

पक्षीय शेरेबाजी नको. कोणत्याही पक्षावरचा पुढचा प्रतिसाद विषयाशी संबंध नसल्यास उडवला जाईल. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

बारावी_चालू_आहे

इथं सगळे काका-मावशी दिसतायत. मी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, पब्जीचाच भारतातला अवतार) खेळतो. तुम्हाला राजकारण गेममध्ये बघायचंय ना, मग हाच गेम बघा. पब्जी २ सप्टेंबर २०२० ला बंद, कारण चीन. २०२१ च्या जुलैमध्ये नाव बदलून आला. २०२२ च्या जुलैमध्ये स्टोअरवरून गायब. २०२३ च्या मेमध्ये परत. आमचा सराव, आमच्या टूर्नामेंट, सगळं दिल्लीतल्या एका कागदावर. आम्हाला कुणी विचारलंय कधी?

आणि परत आणताना काय केलं तर रक्त हिरवं. माणूस मेला की 'किल' नाही म्हणायचं, 'फिनिश'. पांढऱ्या केसांच्या लोकांना वाटलं आता मुलं सुधारतील. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, आणि पालकांच्या नंबरवर ओटीपी. आमच्या वर्गात सगळ्यांच्या पप्पांना ओटीपी गेलाय. "पप्पा, कुरिअरचा आहे, सांगा ना."

पोळपाट_लाटणं

अरे देवा. आमच्याकडे मागच्या महिन्यात तीन 'कुरिअर' आले.

बारावी_चालू_आहे

सॉरी काकू 😬

म्युनिकचा_मावळा

मी वेगळ्या जातीचा खेळाडू आहे. नकाशे, कर, फौजा. 'एम्पायर: टोटल वॉर' २००९ मध्ये आला आणि त्यात मराठे खेळता येतात हे कळल्यावर मी पंधरा दिवस माणसात नव्हतो. १७०० साल, दख्खनमध्ये आपण, वर मुघल. पुस्तकात सत्तावीस वर्षांची लढाई एका धड्यात संपते. इथं पहिल्याच वळणावर तिजोरी रिकामी होते आणि मग कळतं की चौथाईवर का एवढा जीव होता.

धर्माचा गेममधला खरा विचार मला दिसला तो 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' मध्ये. खेळ सुरू होतो १४४४ मध्ये, म्हणजे मराठे अजून नाहीत, बिदरला बहामनी आहेत. बहामनी घेऊन खेळा, राजा मुस्लिम आणि प्रजा बहुतेक हिंदू. धर्माचा नकाशा उघडला की पायाखाली सगळा दुसराच रंग. आता काय करणार? धर्मप्रचारक पाठवता येतो. पण त्याला दरमहा पैसा लागतो, प्रांत बदलायला वर्षं लागतात आणि तोवर तिथं असंतोष वाढत राहतो. मी पहिल्या खेळात जोशात सगळीकडे पाठवले. तिजोरी गेली, बंड झालं, विजयनगर खालून वर आलं. नंतर शहाणपणानं लोकांना त्यांच्या देवाला पुजू दिलं आणि महसूल घेतला. हिंदू राजा घेतलात तर गादीवर बसताना इष्टदेवता निवडता येते, शिव, विष्णू, गणपती वगैरे, आणि प्रत्येकाचा फायदा वेगळा. मी प्रत्येक वेळी गणपती घेतो. फायदा बघून नाही, सवयीनं.

हा गेम स्वीडनच्या कंपनीनं बनवलाय. त्यांच्या भावना कशात गुंतलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांनी धर्म हा राज्यकारभारातला एक खर्च म्हणून मांडला. आपण असा गेम बनवू शकू का? मला शंका आहे. लेव्हल_अप, तुमचं मत?

लेव्हल_अप

बनवू शकू. विकू शकू का ते विचारा.

खरं_बोलणारा_७७

म्हणजे परकीयांनी आपला इतिहास शिकवायचा. तेच लोक 'सिव्हिलायझेशन' मध्ये गांधींना अणुबॉम्ब टाकायला लावतात. आकडा उलटा फिरला म्हणे, शून्याच्या खाली गेला आणि गांधी पिसाळले.

म्युनिकचा_मावळा

ती दंतकथा आहे. तो गेम बनवणाऱ्या खुद्द सिड मायर यांनी २०२० मधल्या आत्मकथनात सांगितलं की १९९१ च्या पहिल्या गेममध्ये असला बग नव्हताच. 'सिव्हिलायझेशन ५' मध्ये मात्र मुद्दाम, गंमत म्हणून, गांधींची अण्वस्त्रांची आवड जास्तीत जास्त ठेवली. अफवा आधी, तिच्यावरचा विनोद नंतर.

मिरजेचा_सतारवाला

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहितो.

तुम्ही सगळे गेमच्या आतला धर्म शोधताय. मला तो माइकवर भेटतो.

मी रात्री दुकान बंद झाल्यावर बॅटल रॉयाल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला, असा गोळीबाराचा गेम) खेळतो. कोणता ते जाऊ द्या, सगळे सारखेच. आधी आयडीमध्ये माझं आडनाव होतं. अनोळखी तिघांबरोबर टीम लागली की विमानातून उडी मारायच्या आधीच सुरू, "ए, तू आपल्याकडून आहेस की बॉर्डरपलीकडून?" क्रिकेटची मॅच असली त्या रात्री तर विचारू नका. एकदा मी खाली पडलो होतो, टीममधला पोरगा शेजारी उभा होता, औषधाचा किट त्याच्याकडे होता. म्हणाला, "आधी घोषणा दे, मग उचलतो." आवाजावरून तेरा-चौदाचा असेल. मराठीच होता, बोलण्यावरून सांगली-सातारा भागातला. मी दिली घोषणा. मला घोषणा द्यायला काही अडचण नाही, शाळेत रोज देत होतो. पण दिल्यावर तो हसला आणि निघून गेला.

आता आयडी 'वडापाव' आहे. सगळे उचलतात.

राजीमधल्या देवीचं मला काही वाटलं नाही. गेम सुंदर आहे, मुलीला दाखवला. निवृत्तकाका, तुम्हाला दुखलं असेल तर ते मी मानतो. फक्त विचारतो, त्या पोराला ते कुणी शिकवलं? गेममध्ये तर ते बटण नव्हतं.

वालावलचा_खवळे

🙏

निवृत्त_खातेदार

सतारवाले, वाचलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असलं तरी ते तुमच्यापुढे मांडायचं नाही. मिरजेला माझी बदली होती १९९४ ला. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी चहा घ्यायचो.

खरं_बोलणारा_७७

एका पोराच्या वागण्यावरून सगळ्या समाजाला बोल लावू नका.

मिरजेचा_सतारवाला

लावला नाही. परत वाचा.

ऑफलाइन_ताई

सतारवाले, तुम्ही नाव बदललंत, मी आवाज बंद केला. माइक चालू केला आणि "डावीकडून येतायत" एवढं जरी बोलले तरी पुढची दहा मिनिटं खेळ बाजूला राहतो. लग्न झालंय का, कुठली आहेस, इन्स्टा दे. नाही दिलं की शिव्या, आणि त्या शिव्यांत आई-बहिणीबरोबर जातही येते. आडनाव कळलं की विशेष. म्हणून आमची चौघींची टीम आहे, आम्ही फक्त एकमेकींबरोबर खेळतो. खुल्या लॉबीत जातो तेव्हा खुणांनी बोलतो, नकाशावर टिंब ठेवून.

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान गेमर्सना भेटले त्याचा व्हिडिओ आठवतो? त्यात पायल धरे ही एकच मुलगी होती. आमच्या ग्रुपवर त्यावर निवडणुकीच्या दृष्टीनं चर्चा झाली, बाजूनं आणि विरोधात. माझ्या सासूबाईंनी मात्र तो बघून पहिल्यांदा विचारलं, "हे तू करतेस ते का गं?" त्या दिवसापासून रात्री खेळताना मागून भांड्यांचा आवाज कमी येतो. राजकारण असंही उपयोगी पडतं.

पोळपाट_लाटणं

मला देवाबिवाचं काही नाही, मला पैशाचं विचारायचंय. मुलगा दहावीत. सासऱ्यांच्या फोनवर खेळतो कारण माझ्या फोनला लॉक आहे. सासऱ्यांच्या पेन्शनच्या खात्यातून बंदुकीला रंग घेतला. रंग!! बंदूक तीच, गोळी तीच, वर नक्षी. कंपनीला ईमेल केला तर उत्तर आलं की खरेदी नियमानुसार आहे. हा जुगार नाही म्हणतात, मग नवीन कायद्यात हे येतं की नाही?

लेव्हल_अप

नाही येत. नवा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमना लागू आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. म्हणजे निवृत्तकाकांचा १९६७ चा निकाल तिथं आता कामाचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तुमच्या मुलानं पैसे देऊन नक्षी घेतली, त्यातून परत पैसे मिळायची आशा नाही, म्हणून ती साधी खरेदी.

ताबडतोब करा: सासऱ्यांच्या फोनच्या प्ले स्टोअरमध्ये 'प्रत्येक खरेदीला पडताळणी' चालू करा, खात्याला जोडलेलं कार्ड आणि यूपीआय काढून टाका, आणि यूपीआयचा पिन बदला. पिन नातवाला माहीत आहे याची मला खात्री आहे. बहुतेक घरांत त्यानंच तो सेट करून दिलेला असतो.

पोळपाट_लाटणं

त्यानंच करून दिलाय. पिन म्हणजे त्याचीच जन्मतारीख.

मांडवीकाठी

गोव्यातून नमस्कार. पणजीला संध्याकाळी फिरायला या, मांडवीत दिवे लावून कॅसिनोची जहाजं उभी आहेत. ऑनलाइनला बंदी, आणि नदीतल्याला १९७६ च्या राज्याच्या कायद्याखाली परवाना. दर निवडणुकीत ती जहाजं मांडवीतून हलणार असतात. मतमोजणी झाली की नांगर परत खोल जातो. १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना आत खेळायला बंदी आहे, म्हणजे आमचे पैसे वाचावेत ही सरकारला काळजी. पुण्या-मुंबईच्या लोकांचे गेले तर चालतील, ते पाहुणे.

आणि समोर, चढावावर, चर्च ऑफ इमॅक्युलेट कन्सेप्शन. कुणाच्या भावना कुठं आणि केव्हा दुखतात याचा नकाशा काढायचा तर पणजीत उभं राहून काढा.

कट्ट्यावरचा_बंड्या

मांडवीकाठी, जोरदार. हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही दोन परिच्छेदांत म्हटलंत.

काल रात्री काकांना सतारवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि त्या पोराचे आई-बाप?" मी म्हटलं, ते बहुतेक तुमच्यासारखे टीम लावत असतील. इथं बोलणं थांबलं, कारण काकू आल्या.

शिपाई_गल्ली_मंडळ

एक कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गणपतीत मांडवाच्या मागं रात्री काय चालतं? जागरणाला तीन पत्ती. ताडपत्री, एक बल्ब, मध्ये पैसे, आणि पुढं मूर्ती. माझ्या लहानपणापासून बघतोय. पोलीस व्हॅन यायची, कार्यकर्ता जाऊन हात जोडायचा, व्हॅन जायची. मंडळाचा अध्यक्ष पुढं नगरसेवक झाला. देव, राजकारण आणि गेम, तिन्ही एकाच ताडपत्रीवर, आणि भावना कुणाच्याच दुखल्या नाहीत. उलट ज्याचे पैसे गेले तो दुसऱ्या दिवशी आरतीला सगळ्यात पुढं.

निवृत्त_खातेदार

खरं आहे. आणि जिंकणारा पाच रुपये दानपेटीत टाकायचा. मी टाकलेत.

अर्धा_कप_कडक

काका, जीएसटी भरलात का? २०२३ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण रकमेवर २८ टक्के होता.

निवृत्त_खातेदार

तेव्हा विक्रीकर होता. तोही नाही भरला.

बारावी_चालू_आहे

'राजी' मोबाइलवर येतो का? लॅपटॉप नाहीये.

लेव्हल_अप

अँड्रॉइड आणि आयफोनवर नेटफ्लिक्सच्या गेममध्ये आला होता, सध्या आहे का ते तुझ्याच फोनवर शोधून बघ. नाहीतर कुणाकडे निन्टेंडो स्विच असेल तर तिथं उत्तम चालतो. पासवर्ड मागताना कुरिअरचं सांगू नकोस.

ऑफलाइन_ताई

सतारवाले, आमच्या टीममधली एक बाळंतपणाला माहेरी गेलीये, जागा रिकामी आहे. रात्री साडेदहानंतर खेळतो. माइक चालू असतो, आणि आम्ही फार वाईट खेळतो. चालत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

मिरजेचा_सतारवाला

केलाय. दुकान दहाला बंद होतं.